एक रांग, एक वस्तरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बालाघाटहून खास वेळ काढून आलेले माननीय श्री. दुलीचंदजी, आपल्या गावचे सरपंच श्री. भैयालालजी पटेल, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव पडला ते आपले प्रधानपाठक, आदरणीय शालिकराम गुरुजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या अनुसयाकाकी, माझे सहकारी शिक्षक, गावातली वडीलधारी मंडळी, मांडवाच्या त्या टोकाला, जिथे कापड पुरलं नाही तिथे उन्हात बसलेल्या माझ्या मोहल्ल्यातल्या आयाबहिणी, आणि मघापासून पेढ्यांच्या टोपलीवरून नजर न हलवणारे माझे पहिलीतले विद्यार्थी, आपणां सर्वांना माझा नमस्कार आणि जयभीम.

अध्यक्ष महोदयांना माझी ओळख नसेल. मी आनंदी. याच शाळेत शिकले आणि आता याच शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळते. संचालन करणारे आमचे तेजराम गुरुजी मघाशी कानाशी येऊन सांगून गेले, की बाई, हिंदीत बोला, साहेबांना बरं पडेल. पण साहेब चहा पिताना माझ्याशी चांगले मराठीत बोलले. त्यांच्या मातोश्री तुमसरच्या आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. आणि मला अक्षरं गुरुजींनी मराठीतून शिकवली, मी त्यांच्याशी आजवर भांडले तीही मराठीत. मग निरोपच तेवढा हिंदीत काहून द्यायचा?

मी आज बोलावं, ही गुरुजींचीच इच्छा. मागच्या आठवड्यात ते सर्वांसमक्ष म्हणाले होते, "माझ्यावर दुसरं कोणी बोलो, न बोलो, आनंदी बोलली पाहिजे." तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. घरी जाऊन मी भाषण लिहूनही काढलं. ते भाषण आज मी घरीच ठेवून आले आहे.

पण काही गोष्टी त्यातल्या खऱ्याच होत्या आणि त्या मी आधी सांगणार आहे. माणसाचं चांगलं सांगताना हात आखडू नये, हेही गुरुजींनीच शिकवलं.

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यातली मुलं शाळेच्या परछीत बसत. परछी म्हणजे ही बाहेरची ओसरी, अध्यक्ष महोदय, जिथे आत्ता आपल्या चपला काढल्या आहेत. आत वर्ग भरायचा आणि आम्ही खिडकीतून ऐकायचो. गुरुजी तेव्हा नवेच आले होते. हातात छत्री. ती छत्री तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. उन्हाळा असो, हिवाळा असो, गुरुजी छत्रीशिवाय नाहीत आणि ती उघडलेली मात्र कोणी पाहिली नाही. तिचा उपयोग नकाशावर नर्मदा दाखवायला आणि मागच्या बाकावर झोपलेल्या मुलाच्या बरगडीत टोचायला. तर एक दिवस गुरुजी बाहेर आले, त्यांनी माझी बसायची टाटपट्टी स्वतःच्या हातानं उचलली, आत नेऊन वर्गाच्या मधोमध टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "पाणी येऊन राह्यलं, आत बस." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. फाल्गुनातलं ऊन होतं. पण कोणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही, कारण गुरुजींनी पाणी येऊन राह्यलं म्हटलं होतं. त्या दिवसापासून आम्ही आत बसलो.

पुढे मी सातवी झाले, तर माझ्या वडिलांना पटवून मला बालाघाटला ट्रेनिंगला धाडणारे गुरुजीच. मी शिक्षिका होऊन आले तो पहिला दिवस. त्यांनी मला सांगितलं, "आनंदी, मले पानी दे." मी घाबरत घाबरत लोटा भरून दिला. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी तो घटाघटा रिकामा केला आणि म्हणाले, "आणखी दे." मला वाटतं त्यांना एवढी तहान नव्हती. तहान नसताना पाणी पिणारा माणूस मी देवाच्या जागी मानला, तर त्यात माझी काही चूक झाली का? तुम्हीच सांगा.

आता आत्ताच वाचलेल्या मानपत्राकडे येते. तेजराम गुरुजींनी फार सुंदर वाचलं. त्यातला सर्वांत मोठा परिच्छेद होता 'एक रांग, एक वस्तरा' या कार्यक्रमाचा. बासष्ट साली गुरुजींनी या शाळेत समतेचा असा दाखला घालून दिला, की जिल्ह्यात त्याचं नाव झालं, असं त्यात म्हटलं आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. सवयीनं माझेही हात वर गेले. मग ते खाली आले. मानपत्रात जागा थोडी असते, साऱ्या गोष्टी मावत नाहीत. ज्या मावल्या नाहीत, तेवढ्या मी सांगते.

त्या वर्षी हिवाळ्यात पहिली-दुसरीच्या मुलांच्या डोक्यात खवडे निघाले. इथल्या आयांना खवडे काय ते समजावायला नको. केसांत आधी रुपयाएवढा गोल डाग पडतो, कोंडा धरतो, खाज सुटते. मग तिथले केस मुळाशी तुटतात आणि काळे ठिपके तेवढे उरतात. मोठ्या माणसांना सहसा होत नाही. लहान लेकरांना होतं आणि एकाचं दुसऱ्याला लागतं, कंगव्यानं, टोपीनं, एका उशीवर झोपल्यानं. कोणी कडुलिंबाचा पाला उकळून डोकं धुतलं, कोणी तरोट्याचं बी ताकात वाटून लावलं, कोणी दृष्ट काढली. सुरुवातीला पाच-सात मुलंच होती आणि खरं सांगायचं तर ती बहुतेक गावातली होती. आमच्या मोहल्ल्यातलं एखादंच असेल. याचं कारण साधं होतं. गावातल्या मुलांचे केस डोमाजी कापत. आमच्या मुलांना डोमाजी हात लावत नसत. आमच्याकडे आमचीच माणसं घरच्या कात्रीनं केस कापायची.

मग गुरुजींनी गावसभा बोलावली. या इथेच. ते म्हणाले, सगळ्या लहान मुलांची डोकी एकाच दिवशी भादरू, मुलं-मुली सगळी, म्हणजे रोगाला जागाच राहणार नाही. आणि भादरायची ती कशी? एका रांगेत बसवून, एकाच न्हाव्याच्या हातानं, एकाच वस्तऱ्यानं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. पटेलांचा पोरगा आणि मोहल्ल्याचा पोरगा, वस्तरा एक. मी स्वतः पाहिलं, की आमच्याकडची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. आम्ही बुद्धाला शरण जाऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. मनातून आम्ही बदललो होतो, पण डोमाजीचा वस्तरा बदलला नव्हता. तो वस्तरा आमच्या लेकरांच्या डोक्याला लागणार, ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या कोणाला ती हजामत वाटली असेल. आम्हाला तो सण वाटला.

आणि डोमाजींबद्दलही सांगते. त्यांच्या समाजानं त्यांना जेवणाच्या पंगतीला बोलावणं बंद करण्याचा धाक घातला होता. तरी ते तयार झाले. कारण? "गुरुजीनं म्हनलं न." एवढंच त्यांचं उत्तर. डोमाजी आज इथे नाहीत. ते का नाहीत, ते पुढे येईलच.

मुलांचं ठीक होतं. अडचण मुलींची होती. आपल्याकडे मुलीचं जावळ एकदा काढलं की पुन्हा तिच्या डोक्याला वस्तरा लावत नाहीत, लावला तर तो कशासाठी लावतात, हे मी या मांगल्याच्या प्रसंगी सांगत नाही. आया ऐकेनात. तेव्हा गुरुजी सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांत आधी माझी ललिता बसेल. मग तुमच्या पोरी." बस. सभा तिथेच संपली. गुरुजींची एकुलती एक लेक, सहा वर्षांची, कमरेपर्यंत केस. ती बसणार म्हटल्यावर कोण काय बोलणार?

त्यांनी मला सांगितलं, "आनंदी, मोहल्ला तुह्याकडे." मी घरोघर गेले. सत्यभामाबाई तिथे बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. त्यांची पोरगी तेव्हा माझ्या वर्गात होती. त्या म्हणाल्या होत्या, "काहून भादरू मी माह्या पोरीचं डोस्कं? तिच्या डोक्शात त काहीच नाही. चांगले दाट केस आहेत."

मी म्हटलं, "बाई, आज नाही, पण उद्या निघतील. आणि गुरुजी आपली ललिता बसवून राह्यले."

"ललिता बसते?"

"हौ. सगळ्यांत आधी."

"तू आपल्या डोळ्यानं पाह्यशीन?"

"माही सीता तिच्या मागं बसणार आहे, मंग मी पाहीन नाही तं काय?"

त्या तयार झाल्या. माझ्या शब्दावर त्या तयार झाल्या आणि मी गुरुजींच्या शब्दावर तयार होते. मोहल्ल्यातलं एकही घर मागे राहिलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. बालाघाटहून शिक्षण खात्याचे साहेब आले, बरोबर फोटोवाला. शाळेच्या अंगणात टाटपट्ट्या अंथरल्या होत्या. मुलं आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून रांगेत बसली होती. ललिताची जागा रिकामी. गुरुजी म्हणाले, "तिले रात्री ताप भरला, मामाकडं गोंदियाले धाडली." मग रिकाम्या जागेकडे पाहून मला म्हणाले, "सीतेले पुढं घे."

सीता पुढे बसली. पाच वर्षांची होती. डोमाजींनी पाणी लावलं, तशी ती हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून. सगळे हसले. फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो आपल्या कार्यालयात अजून लागलेला आहे आणि मानपत्राच्या वरच्या बाजूला आज तोच छापला आहे. पुढे बसलेली, दात दाखवणारी पोरगी माझी आहे. त्यानंतर तोच वस्तरा, त्याच वाटीतलं पाणी, तेच फडकं, रांगेच्या शेवटच्या डोक्यापर्यंत गेलं. साहेबांनी भाषण केलं, की असं दृश्य मी कुठे पाहिलं नाही. मला रडू आलं होतं. आनंदानं आलं होतं.

महिना उलटायच्या आत खवडे रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक डोक्यावर होते.

ज्यांना आधी झाले होते त्यांना पुन्हा झाले आणि ज्यांना कधीच नव्हते त्यांना नव्यानं झाले. आमच्या मोहल्ल्यात तर घर सुटलं नाही. सत्यभामाबाईंच्या पोरीला झाले. सीतेला झाले आणि तिचे साधे राहिले नाहीत. तिच्या टाळूच्या मागे मोठी गाठ उठली, मऊ, पू भरलेली, हात लावला तर किंचाळायची. तापानं फणफणायची. मी कडुलिंब केला, तरोटा केला, मलम केलं. शेवटी बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या तेव्हा नव्याच निघाल्या होत्या, नागपूरहून मागवाव्या लागल्या, दुधाबरोबर कितीतरी आठवडे द्यायच्या. रोग गेला. पण त्या गाठीच्या जागी केस पुन्हा उगवले नाहीत, आणि डॉक्टर म्हणाले, उगवणार नाहीत.

डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं होतं, "हिचं डोकं कुठे भादरलं?" मी सांगितलं, शाळेत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर रांग मोठी होती.

इकडे गावात काय बोललं जाऊ लागलं, ते मी सांगायला नको. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ते बोललं आहे. "मोहल्ल्याच्या पोट्ट्यायले रांगेत बसवलं, त्यायच्यापासून आमच्या पोट्ट्यायले लागलं." डोमाजींना लोकांनी विचारलं, वस्तरा त्यांच्या डोक्याला लावला कसा? त्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. ते तिरोडीला खाणीकडे निघून गेले आणि तिथेच वारले, असं ऐकलं. आणि शाळेत काय झालं? आमची मुलं परछीत गेली. गुरुजी म्हणाले, "आनंदी, थोडे दिवस. लोकायचं मन शांत होऊ दे." थोडे दिवस म्हणता म्हणता पूर्ण वर्ष गेलं. ज्या टाटपट्टीला त्यांनी आत नेलं होतं, ती मी माझ्या हातानं बाहेर नेऊन टाकली, कारण तो वर्ग माझा होता.

तरी मी गुरुजींची बाजू घेतली. मोहल्ल्यात मी सांगत फिरले, की गुरुजी तरी काय करतील, त्यांचा नाइलाज आहे, त्यांनी आपल्यासाठी केवढं केलं. सत्यभामाबाई माझ्याशी बोलणं सोडून बसल्या. आज नऊ वर्षं झाली. एका विहिरीवर पाणी भरतो, पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटायचं, अडाणी आहे बिचारी, रोग काय कोणाच्या हातात असतो?

आता मी मागच्या मंगळवारावर येते.

मी काकींकडे सामान बांधायला गेले होते. गुरुजी आता बालाघाटला राहायला जाणार, तेव्हा भांडीकुंडी पोत्यात भरत होतो. बोलता बोलता मी सहज म्हटलं, "काकी, पहिलीत पुन्हा खवडे निघाले व. दोघातिघांच्या डोक्शात आहेत." काकी पितळी पुसत होत्या. माझ्या या काकींनी मला कधी परकं मानलं नाही, हेही इथे सांगते. त्या कळवळून म्हणाल्या, "बाप्पा, पुन्हा? आता वस्तरा नका लावू हो कोणाले. तुह्या सीतेचं काय झालं ते पाह्यलं न. डॉक्टरनं त आधीच सांगतलं होतं न यायले, एका वस्तऱ्यानं हे सगळ्यायले लागन, भादरू नका, भादरलंच तं दर डोक्यामागं वस्तरा उकळा. म्हणून तं आमी ललितेले गोंदियाले धाडलं."

माझ्या हातात तांब्या होता. मी विचारलं, "आधी? आधी म्हंजे कधी?"

"कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी. हे बालाघाटले गेलते न दवाखान्यात." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्या थांबल्या. "तुले माहीत नव्हतं का व माय? मले वाटलं तुले सांगतलं असन. तू तं यायची लेकीसारखी."

काकी, रडू नका. तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या घरात एका माणसानं मला खरं सांगितलं, ते तुम्ही.

पटेल साहेब, आपण हात करून राह्यले, मला दिसलं. बसते मी, दोन शब्द उरले आहेत. आपण सरपंच आहात, माझा मान राखा. आजपर्यंत मी आपला राखला.

गुरुजी बाहेर खाटेवर होते. मी बाहेर आले. त्यांना घरातलं सगळं ऐकू गेलं होतं. ते छत्रीच्या टोकानं जमीन टोकरत होते. मग म्हणाले, "आनंदी, मी काय करू शकत होतो? साहेब येणार ठरलं होतं. डोमाजी मोठ्या मुश्किलीनं तयार झाला होता. दर डोक्यामागं वस्तरा उकळायले लावला असता, तं तुमच्याच मोहल्ल्यातले लोक म्हणाले असते, आमच्या लेकरायमुळे वस्तरा उकळून राह्यले, आमचा विटाळ धुऊन राह्यले. एक रांग, एक वस्तरा, सगळं मातीत गेलं असतं."

अध्यक्ष महोदय, मी या गोष्टीवर रात्रंदिवस विचार केला. हे म्हणणं खोटं नाही. आम्हाला तसं वाटलं असतं. आमची माणसं दुखावली असती, काही उठूनही गेली असती. पण गुरुजी, तुम्ही मला सांगितलं असतं तर? मी मोहल्ल्यात जाऊन सांगितलं असतं, की हा रोग आहे, विटाळ नाही. मी स्वतः अंगणात चूल मांडली असती, पातेलं ठेवलं असतं, आणि पटेलांच्या पोराच्या आधीही वस्तरा उकळला असता आणि माझ्या पोरीच्या आधीही. तुम्हीच मला शिकवलं होतं न, लोकांना समजावून सांगितलं की लोकांना समजतं? मग आमच्यावर तेवढा भरवसा का नाही ठेवला? आम्ही तुमच्यावर आमच्या लेकरांची डोकी ठेवली.

आणि समजा तेव्हा जीभ रेटली नाही. माणूस आहे, होतं असं. पण ललिताला गोंदियाला धाडायला सुचलं. म्हणजे वस्तरा धोक्याचा आहे, हे कळत होतं. तिची जागा रिकामी झाली, तिथे तुम्ही माझ्या लेकीला बसवलं. नाव घेऊन बसवलं. "सीतेले पुढं घे." हे शब्द माझ्या कानात नऊ वर्षं गोड वाजत होते. मला वाटलं होतं, गुरुजींनी माझ्या पोरीला मान दिला.

ललिता, तू मान खाली घालू नको, बाळ. तुझा यात काय दोष? तू सहा वर्षांची होतीस, मामाकडे बोरं खात होतीस. तुझी वेणी पाहून मला आजही बरंच वाटतं. खरंच सांगते.

पण मला जे सर्वांत जास्त लागलं, ते याच्याही पुढचं आहे. गाव म्हणत होतं, मोहल्ल्याच्या पोरांनी रोग आणला. गुरुजींना माहीत होतं, की रोग वस्तऱ्यानं नेला, आणि नेला तो गावातल्या डोक्यांवरून आमच्या डोक्यांवर. एक वाक्य पुरलं असतं. आमची मुलं परछीत बसली नसती. डोमाजी तिरोडीला गेले नसते. ते एक वाक्य गुरुजी नऊ वर्षं बोलले नाहीत. एकदा ढगाचा ठिपका नसताना पाणी येतं म्हणणारा माणूस, आमच्यासाठी भर उन्हात खोटं बोलणारा माणूस, आमच्यासाठी खरं बोलला नाही. माझा विश्वासघात झाला आहे. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही. परक्यानं केला असता तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

तुम्ही म्हणाल, निरोपाच्या दिवशी हे कशाला, बाई? जुनं उकरून काय मिळणार? जुनं असतं तर मी उकरलं नसतं. पहिलीत पुन्हा तीन लेकरांना खवडे निघाले आहेत. त्यांत एक पटेल साहेबांचाच नातू आहे, दोन मोहल्ल्यातली. आता गोळ्या बालाघाटला मिळतात, मी तिघांना नेऊनही आणलं. डॉक्टर म्हणतात, औषध चालू ठेवा, कंगवा-टोपी वेगळी ठेवा, घाबरायचं कारण नाही. पण परवाच्या पंचायतीत काय ठरलं? मोहल्ल्याची सगळी मुलं, झालेली आणि न झालेली, सोमवारपासून परछीत. पटेलांचा नातू आत. का? तर बासष्ट साली यांनीच आणलं होतं, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे.

माझ्या वर्गातली ही पोरं आता पेढ्यांकडे पाहून राह्यली. सोमवारी ती मला विचारतील, बाई, आम्ही बाहेर काहून? मी त्यांना काय सांगू? पाणी येऊन राह्यलं म्हणून सांगू?

मी पंचायतीत हे सांगितलं असतं, तर कोणी मानलं नसतं. मोहल्ल्याची बाई मोहल्ल्याची बाजू घेते, म्हणाले असते. या गावात एकाच माणसाचा शब्द चालतो आणि तो माणूस उद्या सकाळच्या गाडीनं सामान घेऊन जाणार आहे. म्हणून आज.

आता रीतीप्रमाणे आभार मानते. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, त्यांचे आभार. मांडव घालणाऱ्यांचे आभार. गुरुजींचे आभार तर मानावेच लागतील, कारण हे उभं राहून बोलण्याचं बळ त्यांनीच दिलं आहे, दुसरं कोणी दिलेलं नाही. माझ्या बोलण्यात काही कडू आलं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. पण काही खोटं आलं असेल तर ते पोटात घालू नका. गुरुजी इथेच बसले आहेत, त्यांनी उठून सांगावं. पत्रिकेत माझ्यानंतर सत्कार आहे आणि त्यानंतर गुरुजींचं उत्तराचं भाषण. अध्यक्ष महोदयांची परवानगी गृहीत धरून मी यात थोडा बदल सुचवते.

सत्काराचा हार माझ्या सीतेच्या हातात आहे. ती तिथे खांबाशी उभी आहे. मोहल्ल्यातल्या बायांनी काल दुपारभर बसून तो हार गुंफला, आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. सीतेला मी सकाळी सांगितलं. तिनं फक्त डोक्यावरची ओढणी काढून ठेवली आणि तशीच आली.

सीते, इकडे ये, बाई. इथे, माझ्याजवळ उभी राहा, सगळ्यांना दिसेल अशी. हार अजून हातातच असू दे.

आधी गुरुजी बोलतील.